नववं गाणं

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझ्या घरी मोहम्मद रफींच्या निवडक गाण्यांच्या सदतीस सीडी आहेत. 'बेस्ट ऑफ रफी', 'गोल्डन हिट्स', 'दर्दभरे नगमे', 'रफी के रोमँटिक गीत' अशा नावांच्या. त्यांवरची सगळी गाणी मोजली तर पाचशेच्या वर भरतात. पण एक गाणं एकदाच मोजायचं असं ठरवलं, तर आकडा दीडशेच्या पुढे जात नाही. 'चौदहवीं का चाँद' माझ्याकडे एकोणीस वेळा आहे. आमच्या घरात यावर बोलणी खाऊन झाली आहेत. बायको म्हणते, "एक चाँद से पेट नहीं भरता क्या तुम्हारा?"

या सीडी मी का घेत गेलो, ते आज सांगणार आहे. संगीतातलं मला फारसं कळत नाही, हे आधीच कबूल करतो. मी कविता लिहितो, मराठीत लिहितो, आणि सूर कुठला लागला हे मला दुसऱ्या कुणी सांगितल्यावर कळतं. तेव्हा रफींच्या गायकीबद्दल काही ऐकायला मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. हा मामला खरेदीचा आहे.

त्यासाठी जरा मागं जावं लागेल. माझे अब्बा बुधवार पेठेत बायंडिंगच्या कारखान्यात कामाला होते. छापखान्यातून आलेले फर्मे घडी घालून क्रमानं लावायचे, शिवायचे, पाठीला खळ लावायची, पुठ्ठा चढवायचा. गणपतीपासून दिवाळी अंकांचा हंगाम सुरू व्हायचा, तेव्हा रात्री बारापर्यंत ते घरी येत नसत. मराठीतल्या कितीतरी मोठमोठ्या लेखकांची पुस्तकं त्यांच्या हातांखालून गेली. पण अब्बांना मराठी बोलता यायचं, वाचता यायचं नाही. ते उर्दू चौथी शिकलेले. मला त्यांनी महापालिकेच्या मराठी शाळेत घातलं, तेव्हा भवानी पेठेतल्या आमच्या मोहल्ल्यात दोघा-चौघांनी विचारलं, की उर्दू शाळा जवळ असताना हे काय? अब्बा म्हणाले, "किताबें मैं बाँधता हूँ. घर में कोई तो पढ़नेवाला होना."

आमच्या घरी रेडिओ होता, आणि अब्बांच्या लेखी त्या रेडिओचं दुसरं नाव रफी. बाकीचे गायक मध्ये मध्ये गाऊन जात. ३१ जुलै १९८०च्या रात्री रफी गेले. रमजान चालू होता. दुसऱ्या दिवशी शुक्रवार. जुम्म्याची नमाज पढून अब्बा कारखान्यात न जाता घरी आले आणि भिंतीला टेकून बसले. मी दहा वर्षांचा होतो. आमच्या नात्यातलंच कुणीतरी वारलं असं मला वाटलं, आणि मी अम्मीला विचारलंही, की कोण होते आपले ते?

दोन वर्षांनी, १९८२च्या दिवाळी हंगामाच्या पैशांतून अब्बांनी जुना टेपरेकॉर्डर घेतला. आजच्या पिढीला सांगावं लागेल, की त्या काळी कॅसेटची छोटी दुकानं 'रेकॉर्डिंग करून मिळेल' अशी पाटी लावत. तुम्ही कोरी कॅसेट घ्यायची, यादी द्यायची, आणि दुकानदार आपल्याकडच्या रेकॉर्डवरून ती भरून द्यायचा. हे कायद्यात बसत नव्हतं, पण कायद्याचा विचार तेव्हा घेणारा करत नसे आणि देणाराही. साठ मिनिटांची कॅसेट म्हणजे एका बाजूला सात, दोन्ही मिळून चौदा गाणी. अब्बांनी चार रात्री बसून यादी केली. खोडली, परत केली. कारखान्यातल्या पुठ्ठ्याच्या कापलेल्या पट्टीवर ती उर्दूत लिहिली आणि मला म्हणाले, दुकानवाल्याला उर्दू येत नाही, तू याचं मराठीत लिहून दे.

आता इथं माझी अडचण सुरू होते.

उर्दू मला अजिबात येत नव्हतं असं नाही. मशिदीत मी कुराण वाचायला शिकलो होतो, अक्षरांची ओळख होती. पण कुराणाची छपाई म्हणजे सगळं जागच्या जागी. वर-खाली जेर-जबर, प्रत्येक नुक्ता स्वच्छ. अब्बांचं अक्षर म्हणजे उतारावरून घसरत गेलेली ओळ. जेर-जबर तर कुणीच लिहीत नाही, पण नुक्ते द्यायलाही त्यांना सवड नसायची. शब्दाच्या मध्ये नुक्ता गेला, की ब, प, त, न ही सगळी अक्षरं एकाच दातासारखी दिसतात. तेरा ओळी मला लागल्या. खरं सांगायचं तर मी त्या वाचल्या नाहीत, ओळखल्या. गाणी अब्बांच्या तोंडून ऐकलेली, त्यामुळे एक शब्द हाताला लागला की पुढचं पाठ होतं.

नववी ओळ लागेना. सुरुवातीला काफची लांब तिरकी रेघ, पुढे नुसती गिचमीड. मी ती पट्टी उजेडात धरली, आडवी धरली. अब्बांना विचारता आलं असतं. ते कारखान्यात गेले होते, हे काही कारण नव्हे, रात्री घरी येणारच होते. खरं कारण असं, की आदल्याच आठवड्यात पाहुण्यांसमोर त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवून सांगितलं होतं, "हमारा बेटा मराठी भी पढ़ता है, उर्दू भी."

तेव्हा नवव्या जागी मी माझ्या मनानं एक गाणं लिहिलं. बारा वर्षांच्या मुलाला जे आवडेल ते. 'अमर अकबर अँथनी'मधली पडद्याची कव्वाली. १९७७चा चित्रपट, पडद्यावर ऋषी कपूर, आवाज रफींचा. निदान आवाजाच्या बाबतीत तरी मी प्रामाणिक राहिलो.

कॅसेट भरून आली. ए बाजू झाली. मग बी बाजूचं पहिलं, म्हणजे आठवं गाणं, 'बैजू बावरा'मधलं मालकंसातलं भजन. १९५२चा चित्रपट, शब्द शकील बदायुनींचे, संगीत नौशादांचं, गळा रफींचा. (आमच्याकडे सद्भावनेचा कुठलाही कार्यक्रम या भजनाच्या उल्लेखाशिवाय पार पडत नाही. मी स्वतः अशा सातआठ व्यासपीठांवर शोभेला बसलो आहे. अब्बांनी ते यादीत घातलं, तेव्हा त्यांच्या डोक्यात सद्भावना वगैरे काही नव्हतं. त्यांना ते गाणं आवडायचं.) तर मालकंस विरतो न विरतो, तोच टाळ्या सुरू झाल्या. अब्बा घरी आणलेले फर्मे शिवत बसले होते. त्यांचा हात थांबला.

"ये मैंने नहीं लिखा था."

"दुकानवाले ने ग़लत भरा होगा," मी म्हणालो.

अब्बा थोडा वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "ठीक है. आवाज़ तो उसी की है." आणि सुई परत दोऱ्यात चालायला लागली.

पण माझ्या कव्वालीनं आणखी एक घोटाळा करून ठेवला होता. ती लांबलचक. अब्बांनी सगळी गाणी तीन-चार मिनिटांच्या हिशेबानं बेतलेली. त्यामुळे शेवटी टेप पुरली नाही, आणि चौदावं गाणं मध्येच खट्कन बंद पडलं. चौदावं गाणं होतं 'चौदहवीं का चाँद'. ते चौदाव्या जागी काही अपघातानं आलं नव्हतं. चौदाव्या रात्रीचा चंद्र चौदाव्या क्रमांकावर, हा अब्बांचा विनोद होता. ते फार विनोद करत नसत. हा एक केला होता, त्याला मी ग्रहण लावलं.

दुकानदाराकडे जाऊन त्यांनी तक्रार केली नाही, याचं मला तेव्हा हायसं वाटलं. आज वाटतं, तक्रार केली असती तर दुकानदारानं मी लिहिलेला कागद काढून दाखवला असता, हे त्यांना कळत असावं. ती पुठ्ठ्याची पट्टी पुढे घरात कुठं दिसली नाही.

अशी कॅसेट एकदा घरात आली, की तिचा क्रम डोक्यात पक्का बसतो. तुमचाही अनुभव असेल. एखादं गाणं दुसरीकडे कुठं लागलं, की ते संपताना आपल्या कॅसेटवरचं पुढचं गाणं मनात सुरू होतं. मी आजही ते मालकंसातलं भजन ऐकतो, आणि शेवटचा सूर लांबला की मला पुढे टाळ्या ऐकू येतात. सभागृहात, गंभीर माणसांच्या मध्ये बसलेला असलो तरी.

सीडी आमच्या घरात आली ती २००१ साली. फिलिप्स आणि सोनी या कंपन्यांनी ती १९८२ साली बाजारात आणली होती, म्हणजे अब्बांची कॅसेट भरली त्याच वर्षी. पण आमच्यासारख्यांच्या खिशात यायला तिला वीस वर्षं लागली. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून मी प्लेअर घेतला, आणि त्याच दिवशी रफींची पहिली सीडी. तिच्यावर चौदहवीं का चाँद आहे की नाही एवढंच पाहिलं. १९६०चा चित्रपट, रवींचं संगीत, रफींना पहिलं फिल्मफेअर मिळवून देणारं गाणं. ते नाही अशी निवडक रफींची सीडी मिळणं कठीण, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. घरी येऊन लावली. एकोणीस वर्षांनी आमच्या घरात ते गाणं शेवटपर्यंत वाजलं. नेहमीची खट् होण्याची जागा आली तेव्हा मी आणि अब्बा दोघांनीही श्वास धरला होता. गाणं पुढे गेलं, संपलं. अब्बा म्हणाले, "इतना लंबा था?"

तिथून माझा नाद सुरू झाला. चौदावं गाणं परत करून झालं होतं, नववं बाकी होतं. अब्बांना सरळ विचारायचं धाडस एकतीस वर्षांच्या, बी. ए. झालेल्या, एक कवितासंग्रह छापून आलेल्या माणसाला झालं नाही. मी विचार केला, निवडक रफींच्या सीडी घरी आणत राहावं. कधी तरी ते गाणं लागेल, आणि अब्बांच्या तोंडावर कळेल.

म्हणून मी सीडी घेत गेलो. पुण्यात कर्वे रस्त्यावर अलूरकर म्युझिक हाऊस होतं. सुरेश अलूरकरांनी शास्त्रीय गायकांच्या मैफलींच्या कॅसेट स्वतः काढल्या होत्या, आणि तिथं रफींच्या सीडी चाळत उभं राहायला मला जरा ओशाळल्यासारखं व्हायचं. मुंबईला गेलो की काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस. २०१६ साली ते बंद झालं तेव्हा पुष्कळांनी लेख लिहिले. मी तिथून एकूण पाच सीडी घेतल्या होत्या आणि त्या पाचांत चार चाँद होते.

एकच गाणी सगळीकडे का, याचा मी पुढे थोडा शोध घेतला. एक कारण तर उघड आहे. विकलं गेलेलं गाणं परत विकलं जातं. दुकानात उभा असलेला माणूस पाकिटाची मागची बाजू वाचतो, ओळखीची चार नावं दिसली की घेतो. अनोळखी गाण्यासाठी कुणी पैसे काढत नाही. दुसरं कारण मालकीचं. ज्या कंपनीनं गाण्याची रेकॉर्ड काढली, तिचा त्या ध्वनिमुद्रणावर हक्क. एचएमव्ही म्हणून आपण जिला ओळखायचो त्या कंपनीकडे, २०००पासून जिचं नाव सारेगामा झालं, जुन्या हिंदी गाण्यांचा मोठा साठा होता. पण सगळी गाणी तिच्याकडे नव्हती. एका कंपनीचं गाणं दुसरीच्या सीडीवर येणार नाही. म्हणजे 'रफींची सर्वोत्तम गाणी' याचा अर्थ 'आमच्या कपाटातली रफींची सर्वोत्तम गाणी' असा असतो, फक्त तसं छापत नाहीत. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क साठ वर्षांनी संपतो. त्यामुळे एकेक वर्ष मागे पडत गेलं तशी पन्नासच्या दशकातली गाणी कुणीही काढावीत अशी मोकळी झाली, आणि न ऐकलेल्या कंपन्यांच्या स्वस्त सीडी रस्त्यावर आल्या. त्यांवरही तीच गाणी. मोकळीक मिळाली म्हणून निवड मोकळी झाली, असं काही दिसलं नाही. रेकॉर्डिंग करून देणाऱ्या त्या दुकानदाराला मालकीची पर्वा नव्हती, म्हणूनच अब्बांची यादी अब्बांची राहिली होती. त्यात मी ढवळाढवळ केली ती वेगळी.

सीडीत चौऱ्याहत्तर मिनिटं मावतात. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटं मावायची, आणि कित्येक गाण्यांची कडवी त्या सव्वातीन मिनिटांसाठी गाळली गेली. चित्रपटात होती, तबकडीवर नाहीत. मग तबकडीवरून एलपी, एलपीवरून कॅसेट, कॅसेटवरून सीडी. जागा वाढत गेली, पण गळालेलं कडवं काही परत आलं नाही. अब्बा कधी कधी सीडी चालू असताना मध्येच एक कडवं म्हणायचे जे सीडीवर नसायचं. मला वाटायचं, वयामुळे गोंधळ होतो आहे. थिएटरात चार-चारदा चित्रपट पाहिलेल्या माणसाची ती आठवण होती.

'झंकार बीट्स' नावाच्या प्रकाराबद्दल बोलायचं नाही असं ठरवलं होतं, पण राहवत नाही. जुन्या गाण्यावर नव्या ढोलकीचा थर चढवून विकत. रसिकांनी मागणी केली म्हणून केलं, असं सांगत. असेलही. चुन्यानं रंगवलेल्या समाध्या आपल्याकडे कमी नाहीत.

एकदा मी फसलो. स्टेशनजवळच्या एका दुकानातून 'रफी की याद' अशा धर्तीच्या नावाची दोन सीडींची जोडी आणली. पाकिटावर रफींचा हसरा फोटो, ठळक अक्षरांत नाव. गाणी चांगली, नेहमीची वीस सोडून. चार गाणी काफनं सुरू होणारी. मी अब्बांसमोर लावली. तेव्हा त्यांना ऐकायला कमी येऊ लागलं होतं. पहिलं गाणं निम्मंही झालं नसेल, अब्बा म्हणाले, "गाना तो मेरा है. आवाज़ उसकी नहीं है."

मी म्हटलं, अब्बा, फोटो त्यांचाच आहे. ते म्हणाले, रफी धृपद परत म्हणायला येतो तेव्हा दर वेळी वेगळ्या वाटेनं येतो. हा एकाच दारानं येतो-जातो. मी चष्मा लावून पाकीट वाचलं. मागे, कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरांत दुसऱ्या गायकाचं नाव होतं. परत द्यायला गेलो, तर दुकानदारानं पाकीट फोडलं म्हणून घेतली नाही. दोष त्याचाही नव्हता म्हणा. मुंगी वाचायची माझी जबाबदारी.

सदतिसांतली एक सीडी मराठी आहे. रफींनी मराठीत गाणी गायली, त्यांतली बरीच श्रीकांत ठाकरे यांच्या संगीतात. 'शोधिसी मानवा' हे वंदना विटणकर यांचं गीत मराठी माणसाला माहीत नाही असं होणार नाही. हिंदीच्या कुठल्याही निवडक सीडीवर ही गाणी येत नाहीत. त्यांचं वेगळं छोटं पाकीट. जणू तो दुसराच कुणी रफी.

माझं त्या गाण्याशी जुनं नातं आहे. आमच्या घरात 'ळ' नव्हता. आम्ही सगळे 'शाला' म्हणायचो, 'फला' म्हणायचो. तिसरीत असताना मी 'बाळ' शब्द असलेली कविता म्हटली आणि वर्ग हसला. एक मुलगा तर वर्षभर मला तसंच चिडवायचा. मग रेडिओवर ते गाणं लागलं, आणि त्यातल्या 'राऊळी' या शब्दातला रफींचा ळ मी ऐकला. स्वच्छ, जिभेचं टोक नीट मागे वळलेला. मी मनात धरलं, की हाही आपल्यातलाच, यालाही घरी ळ मिळाला नसणार, यानं कमावला तर आपणही कमवू. मोरीत उभं राहून पाणी सोडायचं आणि 'राऊळी, राऊळी' म्हणायचं, असं मी किती दिवस केलं. चौथीत गेलो तेव्हा ळ आला होता.

ही गोष्ट मी मोठा झाल्यावर एका भाषेच्या जाणकार मित्राला मोठ्या अभिमानानं सांगितली. तो म्हणाला, अरे, रफी पंजाबचे. पंजाबी बोलणाऱ्यांच्या तोंडात ळ असतोच. उर्दू लिपीत लिहिता येत नाही, एवढंच. म्हणजे रफींना काही कमवावं लागलं नव्हतं. मी बारा आणे खट्टू झालो. चार आणे अजून मानत नाही.

अब्बांना ती मराठी सीडी लावून दिली, तेव्हा त्यांनी शेवटपर्यंत ऐकली आणि म्हणाले, "बराबर बोलता है. तेरे मास्तर लोगों को सुनाना था."

२००६ साली अब्बा गेले. तोवर वीसएक सीडी झाल्या होत्या. नवव्या गाण्याबद्दल मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. बहिणीला विचारलं, तिला तर यादी होती हेच आठवत नव्हतं. अम्मी म्हणाली, "उनको सब ही पसंद था."

चाळिशीनंतर मी उर्दू हस्ताक्षर वाचायला शिकलो. आमच्या भागातले एक निवृत्त शिक्षक होते, त्यांच्याकडे दीड वर्ष जात होतो. सरावाला म्हणून अब्बांची हिशेबाची वही घेऊन गेलो. कुठल्या वाचनालयाची किती पुस्तकं बांधून दिली, किती कापड लागलं, याच्या नोंदी. आणि पुस्तकांची नावं. मराठी पुस्तकांची नावं अब्बांनी कुणाकडून तरी ऐकून उर्दूत लिहिलेली. एका पानावर गुरुजी अडले. म्हणाले, ये 'बटाट्याची चाल' क्या चीज़ है? पु. लं.च्या पुस्तकाचं नाव उर्दूतून वाचलं तर तसंच वाचावं लागतं, ळ लिहायला अक्षरच नाही. आम्ही दोघं खूप हसलो. घरी येताना मात्र ती वही मी रिक्षात दोन्ही हातांनी धरून बसलो होतो.

त्या वहीमुळे अब्बांच्या अक्षराची वळणं मला कळली. ते काफ आणि गाफ यांच्यात फरक करत नसत, गाफची दुसरी रेघ सोडून देत. शिवाय उर्दूत ख आणि घ लिहितानाही आधी काफ किंवा गाफच येतो. म्हणजे मला आठवणाऱ्या त्या एका तिरक्या रेघेतून क, ख, ग, घ या चारांपैकी काहीही निघू शकतं. 'काला बाज़ार'मधलं 'खोया खोया चाँद' असेल? पण एका यादीत दोन चाँद अब्बांनी घेतले नसते. 'दिल दिया दर्द लिया'मध्ये अशा अक्षरांची रफींची दोन आहेत, दोन्ही संथ, दोन्ही अब्बांच्या पसंतीची. 'हम दोनो'मधलं एक आहे. आणि त्यांनी गाण्याऐवजी चित्रपटाचं नाव लिहिलं असेल तर? मग 'कोहिनूर'सुद्धा आलं. माझ्या वहीत आता एकोणतीस गाणी आहेत.

माझा भाचा म्हणतो, मामू, हे सगळं फोनमध्ये आहे, सीडी कशाला? खरं आहे. २०१७ साली ते 'कारवाँ' नावाचं रेडिओसारखं यंत्र आलं, पाच हजार गाणी भरलेलं, तेही त्यानं मला भेट दिलं. पण फोनला गाण्याचं नाव सांगावं लागतं. मला नावच तर माहीत नाही. निवडक गाण्यांची सीडी म्हणजे कुणा अनोळखी माणसानं केलेली यादी. त्यानं ती विक्रीच्या हिशेबानं केलेली असेना का, पण यादी करणाऱ्याचं मन कुठं तरी अब्बांसारखं चाललेलं असू शकतं. म्हणून मी अजूनही रविवारी कधी तरी जुन्या बाजारात जातो. मंगळवार पेठेजवळच्या त्या बाजारात पथारीवर नळाच्या तोट्या, घड्याळाचे पट्टे आणि ओरखडे पडलेल्या सीडी एका रांगेत असतात. पाकीट उलटं करतो आणि आधी नववी ओळ वाचतो. विक्रेत्याला वाटतं, मी किंमत शोधतो आहे.

मागच्या वर्षी ती १९८२ची कॅसेट एका तरुण ध्वनिमुद्रकाकडे नेली. टेप चिकटायला लागली होती. त्यानं ती हळूहळू सोडवून, साफ करून संगणकावर घेतली. सगळं झाल्यावर त्याचा फोन आला. म्हणाला, "सर, बी साइडला दुसऱ्या नंबरवर ती कव्वाली मध्येच आली आहे. चुकून भरली गेली असणार. ती काढली तर शेवटचं गाणं मी दुसरीकडून घेऊन पूर्ण बसवू शकतो. काढू का?"

मी म्हणालो, नको. आहे तसंच ठेवा.